यंदाच्या मेळाव्यात एक तास हिशेबाला द्या: माजी विद्यार्थी डॉक्टरांना एका आईचे खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थी संघटनांचे पदाधिकारी, आणि अमेरिकेत स्थायिक झालेले त्यांचे सभासद

स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की पुण्यात तुमचे मेळावे सुरू होतात. नाताळच्या सुट्टीत तुम्ही घरी येता, बॅचची बॅच हॉलमध्ये जमते, सरांचे-मॅडमचे सत्कार होतात, महाविद्यालयाला काहीतरी भेट दिली जाते. गेल्या वर्षी अशाच एका मेळाव्याला मी मुलीबरोबर आले होते. जेवणाच्या रांगेत तिच्या तीन ज्युनिअर्सनी तुमच्यापैकी एकांना विचारलं, ‘सर, यूएसएमएलईपासून मॅचपर्यंत एकूण खर्च किती येतो?’ (यूएसएमएलई म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी स्टेप वन, टू, थ्री अशा टप्प्यांनी द्यायची परीक्षा; मॅच म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या पगारी प्रशिक्षणाची, जागा मिळणं.) सर प्रेमाने म्हणाले, ‘अरे, खर्चाचं काय घेऊन बसलात, एकदा मॅच झालं की सहा महिन्यांत वसूल होतं.’ मुलं हसली आणि पुढे सरकली. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिथेच राहिलं. ते उत्तर माझ्या घरच्या वहीत आहे, म्हणून हे पत्र.

मी सहकारनगरमध्ये राहते. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा कर्ज विभागात. २०२१ साली निवृत्त झाले. माझी मुलगी राज्यातल्याच एका सरकारी महाविद्यालयातून २०२२ साली एमबीबीएस झाली. इंटर्नशिपला तिला महिना ११ हजार रुपये स्टायपेंड होता. सरकारी महाविद्यालयाचा एक वर्षाचा बाँड होता, तो केला नसता तर १० लाख रुपये भरावे लागले असते. तिने ते वर्ष ग्रामीण भागात काढलं आणि त्याच पगारातून स्टेप वनची फी भरली. मार्च २०२५मध्ये तिचं मॅच झालं नाही. सध्या ती दुसऱ्या मोसमाचे इंटरव्ह्यू देते आहे. अमेरिकेतल्या सकाळच्या इंटरव्ह्यूला आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. खाली रिक्षांचे हॉर्न आणि शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. तेवढा वेळ मी आमचा मिक्सर लावत नाही.

बँकेत असताना, २०१३च्या आसपास, माझ्या टेबलावर एका तरुण डॉक्टरचा शैक्षणिक कर्जाचा अर्ज आला होता. परीक्षेची फी, अमेरिकेतलं तीन महिन्यांचं राहणं आणि रेसिडेन्सीचे अर्ज यासाठी त्याला सहा लाख हवे होते. शैक्षणिक कर्जाला प्रवेशाचं पत्र लागतं, मान्यताप्राप्त अभ्यासक्रम लागतो, संस्थेचं फीचं पत्रक लागतं. त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. रेसिडेन्सी म्हणजे नोकरी, आणि ती मिळवण्याआधीच्या धडपडीला कर्जाच्या कुठल्याच योजनेत खाना नाही. मी अर्ज परत केला. नियमाने तेच बरोबर होतं. माझ्या मुलीच्या वेळी मी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसले तेव्हा त्या मुलाचा चेहरा आठवला. त्याने पुढे काय केलं ते मला माहीत नाही. आम्ही काय केलं ते सांगते. माझ्या निवृत्तीच्या पैशातली एक मुदत ठेव मोडली, आणि माझ्या आईच्या दोन पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवल्या. त्या अजून तिथेच आहेत.

आता वही उघडते. पहिल्या मोसमात आमचे एकूण १३ लाख ५६ हजार रुपये गेले. स्टेप वन आणि स्टेप टू सीके या परीक्षांना प्रत्येकी लाखाच्या आसपास लागले. मूळ फी हजार डॉलरच्या घरात, आणि परीक्षा अमेरिकेबाहेर दिली की वर अधिभार. इंग्रजीच्या ओईटीला ५८७ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे साधारण ३२ हजार. प्रश्नसंच आणि सराव परीक्षा ९० हजार. ईसीएफएमजी, म्हणजे परदेशी डॉक्टरांची पदवी तपासून पात्रतेचं सर्टिफिकेट देणारी अमेरिकेतली संस्था, तिच्या सर्टिफिकेटचा अर्ज १३ हजार. हे सगळं मिळून साडेतीन लाखांच्या आत बसतं. पालक विचारतात तेही एवढंच, कारण ‘परीक्षेची फी किती’ हा प्रश्न सगळ्यांना सुचतो.

उरलेले दहा लाख कुठे गेले? दोन महिन्यांच्या अमेरिकावारीला पावणेसात लाख आणि अर्जांना जवळपास साडेतीन लाख. म्हणजे खर्चाचा निम्मा वाटा त्या दोन महिन्यांच्या ऑब्झर्व्हरशिपचा, तिथल्या डॉक्टरांचं काम शेजारी उभं राहून पाहण्याचा. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझी सगळी तयारी वेगळी झाली असती. मी परीक्षांसाठी पैसे साठवत बसले, आणि खरा घाव नंतर बसला.

तुमच्यापैकी जे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गेले त्यांचा हिशेब वेगळा होता. तेव्हा इंटरव्ह्यूसाठी या गावाहून त्या गावाला विमानाने फिरावं लागे. नंतर पेशंट तपासून दाखवायची स्टेप टू सीएस ही परीक्षा आली, तिच्यासाठी अमेरिकेलाच जावं लागे. ती परीक्षा २०२१ साली बंद झाली. २०२०पासून इंटरव्ह्यू बहुतेक ठिकाणी झूमवर होतात. हे दोन मोठे खर्च वाचले, हे खरं. पण घरबसल्या इंटरव्ह्यू देता येतो म्हटल्यावर प्रत्येक जण भरमसाट ठिकाणी अर्ज करू लागला. वाचलेला पैसा अर्जांमध्ये गेला. म्हणून तुमच्या वेळचा आकडा आजच्या मुलांना सांगू नका, ही पहिली विनंती. तुम्ही मनापासून सांगता, मुलंही मनापासून ऐकतात, आणि घरी येऊन आईवडिलांना चुकीचा आकडा देतात.

अर्जांचं गणित मला फार जवळून पाहायला मिळालं. ईरास म्हणजे रेसिडेन्सीचे अर्ज पाठवायची ऑनलाइन यंत्रणा. तिची फी सरळ आहे. एका शाखेत पहिल्या ३० प्रोग्रॅमना, म्हणजे रेसिडेन्सी देणाऱ्या हॉस्पिटलांना, प्रत्येकी ११ डॉलर आणि एकतिसाव्यापासून पुढे प्रत्येकी ३० डॉलर. मुलीने इंटर्नल मेडिसिनसाठी तीन महिने खपून ८० प्रोग्रॅमची यादी केली होती. त्याचे १,८३० डॉलर होणार होते. २०२४ सालच्या २४ सप्टेंबरची रात्र. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमना अर्ज दिसू लागणार होते. तिच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी १८० म्हणत होतं, कुणी २२०. एकाने लिहिलं, ‘ऐंशी म्हणजे मॅच न होण्याचीच तयारी.’ रात्री दीड वाजता ती माझ्या खोलीत आली. लॅपटॉप हातात, चेहरा पांढराफटक. ‘आई, अजून साठ टाकू?’

मी ३१ वर्षं लोकांना विचारत आले की ही रक्कम कशासाठी, परतफेड कशातून. त्या रात्री मी काहीच विचारलं नाही. ‘टाक’ म्हटलं. अर्जांचे ३,६३० डॉलर झाले. त्या साठ अर्जांचे १,८०० डॉलर, तेव्हाच्या भावाने दीड लाख रुपये, चाळीस मिनिटांत गेले. पूर्ण ३,६३० डॉलरवर कार्डाचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप आणि त्यावर जीएसटी धरून आणखी साडेबारा हजार, ते महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये कळले.

त्या मोसमात तिला दोन इंटरव्ह्यू आले. दोन्ही मूळच्या ऐंशीतले. एप्रिलमध्ये, निकालाचा भर ओसरल्यावर, मी त्या साठ प्रोग्रॅमची यादी छापून घेतली आणि पेन्सिल घेऊन एकेकाची वेबसाइट पाहायला बसले. एकोणीस प्रोग्रॅम परदेशी डॉक्टरांना कुठलाही व्हिसा देत नव्हते. त्यांच्या पानावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. अकरा जणांना पदवी होऊन ठरावीक वर्षांपेक्षा जास्त झालेला उमेदवार नको होता, आणि ती मर्यादा मुलीने ओलांडलेली होती. म्हणजे तीस अर्ज कुणी उघडून पाहण्याआधीच बाद झालेले. तीस गुणिले तीस, नऊशे डॉलर. माझ्या पहिल्या नोकरीतल्या दोन वर्षांच्या पगारापेक्षा ही रक्कम मोठी आहे. मुलीला मी दोष देत नाही. रात्री दीड वाजता, उद्याच्या भीतीने, कुणीही तेच केलं असतं. पण त्या रात्री तुमच्यापैकी एकाने तिला फोनवर सांगितलं असतं, ‘थांब, आधी व्हिसा बघ, वायओजी (पदवीचं वर्ष) बघ, मग बटण दाब’, तर माझे पाऊण लाख वाचले असते.

या वर्षी तिने काय केलं तेही सांगते, कारण ते बाकीच्यांच्या उपयोगाचं आहे. इंटर्नल मेडिसिनचे ७०, प्रत्येकाचा व्हिसा आणि वायओजी तपासून. आणि फॅमिली मेडिसिनचे फक्त ३०. फी शाखेनुसार मोजली जाते, त्यामुळे दुसऱ्या शाखेत पुन्हा ११ डॉलरपासून सुरुवात होते. एकूण १,८६० डॉलर. गेल्या वर्षीच्या जवळपास निम्म्यात शंभर अर्ज. अर्थात दुसऱ्या शाखेसाठी वेगळं पर्सनल स्टेटमेंट आणि त्या शाखेतल्या डॉक्टरची शिफारसपत्रं लागतात, नुसते पैसे भरून भागत नाही. या वेळी आतापर्यंत पाच इंटरव्ह्यू झाले आहेत.

ऑब्झर्व्हरशिपबद्दल लिहिताना मला जरा जड जातं. मुलीला अमेरिकेतल्या डॉक्टरांची पत्रं हवी होती, ती तिथे काम पाहिल्याशिवाय मिळत नाहीत. तुमच्यापैकी कुणाची ओळख नव्हती. मग एका एजन्सीतून शिकागोजवळ दोन क्लिनिक मिळाली. महिन्याला १,८०० डॉलर, नुसतं उभं राहून पाहण्याचे. खोलीचं भाडं महिना १,१००. खोली तळघरात होती, आणि मार्चमध्ये तिथे सकाळी सात वाजता बसच्या थांब्यावर उभं राहायला जे कपडे लागतात ते पुण्यातून नेले नव्हते. तेही तिथेच घ्यावे लागले. दोनपैकी एका डॉक्टरांनी पत्र दिलं. दुसऱ्यांनी दिलं नाही. पैसे दोघांचे सारखेच.

या वर्षी जूनमध्ये ती पुन्हा गेली. या वेळी न्यू जर्सीत तिच्याच महाविद्यालयाच्या एका जुन्या विद्यार्थिनीने, जिला ती कधी भेटलेली नव्हती, आपल्या घरातली खोली सहा आठवडे दिली आणि स्वतःच्या ओपीडीत बसवलं. भाडं नाही, एजन्सी नाही. व्हिसा पूर्वीचाच चालला. तिकीट, खाणं, विमा मिळून १ लाख ५५ हजारांत सगळं झालं. पावणेसात लाखांच्या जागी दीड लाख. त्या बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. रोज संध्याकाळी त्या माझ्या मुलीला विचारत, ‘आज काय पाहिलंस?’ आणि जेवताना केस डिस्कस करत. पत्र त्यांनी दिलं ते सहा आठवडे पाहिलेल्या मुलीबद्दल होतं. ते वाचताना मला रडू आलं.

एवढंच तुमच्याकडे मागायचं आहे, खरं तर. तुमच्या एकेका बॅचमधले किती जण अमेरिकेत प्रॅक्टिस करतात! प्रत्येकाने वर्षातून एका मुलाला किंवा मुलीला चार आठवडे खोली दिली, आणि ज्यांच्या हॉस्पिटलचे नियम परवानगी देतात त्यांनी ओपीडीत बसू दिलं, तर त्या एका घराचे पाच लाख वाचतात. तुम्ही महाविद्यालयाला दिलेला प्रोजेक्टरही इतक्या किमतीचा नसतो.

दुसरी गोष्ट कागदांची. मुलीचं महाविद्यालय कोणतं ते मी लिहिणार नाही, कारण असं अनेक ठिकाणी होतं. ईसीएफएमजी पदवीची पडताळणी थेट महाविद्यालयाकडून करून घेतं. विनंती महाविद्यालयाकडे ऑनलाइन जाते आणि तिथल्या अधिकाऱ्याने ती तपासून परत पाठवायची असते. मुलीची विनंती सात आठवडे तशीच पडून होती. ज्यांच्याकडे लॉगिन होतं त्यांची बदली झालेली, नव्यांना पासवर्ड माहीत नव्हता. मी स्वतः तीनदा एसटीने गेले. तिसऱ्या वेळी कार्यालयातल्या एका तरुण क्लार्कने माझ्यासमोर बसून, दुपारचं जेवण बाजूला ठेवून, ते काम बारा मिनिटांत केलं. बारा मिनिटांचं काम होतं! त्या मुलाचे मी आभार मानते. पण तोवर सर्टिफिकेट लांबून नोव्हेंबरात गेलं होतं. सर्टिफिकेट नसलेला अर्ज काही प्रोग्रॅम बाजूला ठेवतात. म्हणजे साडेतीन लाखांचे अर्ज आम्ही अर्धवट पाठवले. डीनचं पत्र, ट्रान्स्क्रिप्ट यांचीही तीच तऱ्हा. विद्यार्थी बोलले की कार्यालय म्हणतं ‘पुढच्या आठवड्यात या’. माजी विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष बोलले की डीन चहा मागवून ऐकतात. तुम्ही एवढंच ठरवून घ्या की प्रत्येक महाविद्यालयात या कामाला एक नेमलेला माणूस आणि एक पर्यायी माणूस असेल, आणि जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत विनंती दहा दिवसांपेक्षा जास्त पडून राहणार नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. २०२५च्या मॅचमध्ये अमेरिकेचे नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८ टक्क्यांना जागा मिळाली. म्हणजे शंभरातले बेचाळीस परत फिरले. त्यात माझी मुलगी होती. १७ मार्चला, सोमवारी संध्याकाळी ईमेल आला. तिने वाचला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, ‘मी भात लावते.’ भात तिने लावला, जेवलं कुणीच नाही. त्या आठवड्यात सोपमधून रिकाम्या जागांसाठी अर्ज केले, तिथेही काही झालं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही याचं कारण नुसतं दुःख नव्हतं. वहीत दुसऱ्या वर्षासाठी एक रुपयाही धरलेला नव्हता. बँकेत असताना मी कुठल्याही दुकानदाराला विचारलं असतं, ‘पहिल्या वर्षी धंदा चालला नाही तर?’ तरतूद दाखवल्याशिवाय कर्ज दिलं नसतं. आणि स्वतःच्या मुलीच्या बाबतीत, शंभरात बेचाळीस जण परत येतात हे माहीत असताना, मी सगळं एकाच वर्षात लावून मोकळी झाले. कारण दुसऱ्या वर्षाचा विचार करणं अशुभ वाटलं. माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरात हेच झालेलं आहे. दुसऱ्या वर्षासाठी पैसे बाजूला काढले म्हणजे मुलीवर विश्वास नाही असं होत नाही, हे पालकांना कुणीतरी मोठ्या माणसाने, ज्याच्या नावापुढे अमेरिकेतली डिग्री आहे अशाने, तोंडावर सांगितलं पाहिजे. माझ्यासारखीने सांगितलं तर त्यांना वाटतं, हिच्या मुलीचं झालं नाही म्हणून ही असं बोलते.

माझा सल्ला विचाराल तर हातातल्या रकमेचे आधीच दोन भाग करावेत. निदान चार लाख दुसऱ्या मोसमाचे, वेगळ्या ठेवीत, पहिल्या मोसमात हात न लावण्याच्या अटीवर. मग पहिल्या वर्षी किती अर्ज करायचे, एजन्सी घ्यायची का, हे प्रश्न आपोआप सुटतात, कारण अंथरूण किती लांब आहे ते दिसतं. आणि मॅच झालंच तर हेच चार लाख दुसरीकडे लागतातच. मार्चमध्ये मॅच झाल्यावर पहिला पगार हातात पडेपर्यंत चार महिने जातात. प्रशिक्षणासाठीच्या जे-वन व्हिसाला १८५ डॉलर, त्याच्या सेव्हिस नोंदणीला २२०, तिकीट, घराचं डिपॉझिट, त्या राज्याच्या लायसन्सची फी. मुलीच्या एका वर्गमित्राचं २०२५ला मॅच झालं. त्याने घराचं डिपॉझिट भरलं, परत न मिळणारं तिकीट काढलं, आणि मेच्या शेवटी जे-वनच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणंच काही आठवडे थांबलं. जूनमध्ये ते पुन्हा सुरू झालं, पण बीकेसीतल्या वकिलातीत त्याची तारीख लागेपर्यंत तिकीट बुडालं होतं. त्याच्या वडिलांनी दुसऱ्या तिकिटाचे पैसे हातउसने घेतले, तेही मुलाचं मॅच झालेलं असताना.

व्हिसाचं वारं असं कधीही फिरतं आणि हिशेब त्याच्याबरोबर फिरतो. मुलीने यंदा स्टेप थ्रीसाठी पैसे बाजूला ठेवले होते, कारण नोकरीचा एच-वन-बी व्हिसा हवा असेल तर स्टेप थ्री आधी पास व्हावी लागते, आणि ती परीक्षा अमेरिकेतच देता येते. १९ सप्टेंबर २०२५ला नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. पाचच दिवसांनी ईरासचे अर्ज प्रोग्रॅमना दिसणार होते. कोणतं हॉस्पिटल एका नवख्या डॉक्टरसाठी एवढी रक्कम भरेल? तिने स्टेप थ्री लांबणीवर टाकली आणि जे-वनच्याच भरवशावर राहायचं ठरवलं, पुढे दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे हे माहीत असूनही. ते पैसे वाचले म्हणून वहीत जमेला धरले आहेत. अशा वेळी तिथे राहणाऱ्या माणसाचा एक फोन फार मोलाचा असतो. बातमी आम्हीही वाचतो. आपल्या हॉस्पिटलात यावर काय बोललं जातंय, ते फक्त तुम्हाला कळतं.

शेवटची मागणी पैशांची आहे, आणि ती मी बँकवाली म्हणून करते. देणगी नको, फिरता निधी करा. समजा २५ लाखांचा. एका उमेदवाराला जास्तीत जास्त तीन लाख, बिनव्याजी, आणि तेही एकरकमी नाही. परीक्षेची पावती दाखवली की तेवढे, अर्जांची यादी एखाद्या सिनिअरने व्हिसा आणि वायओजी पाहून तपासली की पुढचे. मॅच झालं तर पहिल्या पगारानंतर सहाव्या महिन्यापासून परतफेड सुरू. तिथला पहिल्या वर्षाचा पगार वर्षाला साठ हजार डॉलरच्या पुढे असतो, दीड-दोन वर्षांत हे कर्ज कुणालाही फेडता येईल. मॅच झालं नाही तर इथल्या नोकरीतून, लहान हप्त्यांनी, जास्त मुदतीत. फेडलेला पैसा पुढच्या बॅचच्या मुलाला जाईल.

एक तांत्रिक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण चांगले निधी इथेच अडकतात. तुमच्यापैकी ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय योगदान धरले जात नाहीत. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे त्यांचे धरले जातात, ओसीआय कार्ड असलं तरीही, आणि त्यासाठी संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय योगदानाच्या कायद्याखालची, नोंदणी असावी लागते. ती नसेल तर सुरुवात भारतीय पासपोर्टवाल्यांपासून आणि इथल्या प्रॅक्टिस करणाऱ्या सभासदांपासून करा. नागरिकत्व घेतलेल्यांनी खोली द्यावी, ओपीडी द्यावी, रात्री दीड वाजता फोन उचलावा. त्याला कुठलीच नोंदणी लागत नाही.

मला कल्पना आहे, तुमच्यापैकी काहींना वाटेल की मुलांनी इथेच राहावं, पीजी करावं, आपल्या लोकांची सेवा करावी. माझ्या मुलीने बाँडच्या वर्षात रात्री-अपरात्री बाळंतपणं केली आहेत, सर्पदंशाचे पेशंट सांभाळले आहेत. तिथल्या लोकांनी निघताना तिला साडी नेसवून पाठवलं. ती जाणार की राहणार हा तिचा प्रश्न आहे आणि तो तिने शांत डोक्याने सोडवावा. ज्या मुलांनी जायचं ठरवलं आहे त्यांनी अंधारात पैसे फेकू नयेत, एवढंच माझं मागणं आहे. आज ज्या घरात पैसा आहे त्या घरातला मुलगा दोनदा चुकू शकतो. ज्या घरात नाही त्या घरातली हुशार मुलगी एकदा चुकली की थांबते. मुलीच्या बॅचमधली, तिच्याहून जास्त मार्कांची एक मैत्रीण स्टेप टू झाल्यावर थांबली. वडिलांची पाच एकर जमीन आणि दोन धाकटे भाऊ. तिच्याकडे ऑब्झर्व्हरशिपचे पैसे नव्हते. ती आता सातारा जिल्ह्यात नोकरी करते आहे, चांगली करते आहे, पण तो निर्णय तिचा नव्हता.

माझ्या वहीच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. तारीखवार, डॉलरचा त्या दिवशीचा भाव, कोणता खर्च टाळता आला असता त्यावर लाल खूण. या महिन्याच्या मेळाव्यात, सत्कार आणि जेवण यांच्यामध्ये एक तास द्या. तुमच्यापैकी दोघे-तिघे अलीकडे मॅच झालेले पुढे बसू द्या, पालकांना बोलवा, आणि मुलांना आकडे विचारू द्या. मी मागच्या रांगेत बसेन, लागलं तर आकडे सांगेन. हॉलच्या दाराशी एक कोरी वही ठेवा. ज्यांना खोली देता येईल त्यांनी तीत आपलं गाव आणि कोणते महिने चालतील ते लिहून जावं.

आपली नम्र,
एका डॉक्टर मुलीची आई, निवृत्त बँक अधिकारी
सहकारनगर, पुणे
डिसेंबर २०२५